कुर्ला-हावडा एक्सप्रेस, जुलै १९९८: गेलेली माणसं आणि नेलेली माणसं

(हा भाग मुळात बोललेला आहे. वाचायला सोपा जावा म्हणून थोडा नीट केलाय, पण भाषा बोलण्याचीच ठेवलीये.)

आजचा भाग जरा जड आहे, आधीच सांगतो. पहिली पाच मिनिटं ऐकून काही जणांना वाटेल की हा अमक्या पक्षाच्या विरोधात बोलतोय, पुढची पाच मिनिटं ऐकून बाकीच्यांना वाटेल की हा तमक्याच्या विरोधात बोलतोय. चालेल. फक्त शेवटपर्यंत ऐका.

विषय आहे एक रेल्वेगाडी. कुर्ला-हावडा एक्सप्रेस. आता या गाडीला शालिमार-लोकमान्य टिळक टर्मिनस एक्सप्रेस म्हणतात, पण आपल्याकडची जुनी माणसं अजून कुर्ला-हावडाच म्हणतात. नाशिक, मनमाड, चाळीसगाव करत ती खान्देशात येते. भडगाव तालुक्यातून रेल्वे जाते ती कजगाववरून, म्हणजे जिथली केळी प्रसिद्ध आहे तेच कजगाव. पुढे पाचोरा, जळगाव, भुसावळ. मग अकोला, नागपूर, रायपूर, बिलासपूर, खरगपूर, आणि दीड दिवसापेक्षा जास्त प्रवासानंतर हावडा.

१९९८ च्या जुलै महिन्यात या गाडीत मुंबई पोलिसांनी ३४ जणांना बसवलं. बांगलादेशी म्हणून पकडलेले लोक. बरेचसे जरीकाम करणारे कारागीर, बंगाली बोलणारे मुसलमान. त्यांना बंगालमध्ये नेऊन सीमेवर सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करायचं आणि तिथून पलीकडे ढकलायचं, अशी पद्धत होती. गाडी हावड्याच्या थोडी अलीकडे, उलुबेरिया स्टेशनवर पोचली तेव्हा फलाटावर मोठा जमाव उभा होता. डाव्या आघाडीतल्या फॉरवर्ड ब्लॉकचे कार्यकर्ते, त्यांचा आमदार, गावातली माणसं. त्यांनी गाडी अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातल्या लोकांना खाली उतरवून घेतलं. हे बांगलादेशी नाहीत, आमचे आहेत, असं जमावाचं म्हणणं होतं.

एका राज्याच्या पोलिसांच्या ताब्यातून दुसऱ्या राज्यातल्या जमावाने माणसं सोडवून नेली. लोकसभेत गोंधळ झाला. महाराष्ट्रात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं सरकार, मुख्यमंत्री मनोहर जोशी. बंगालमध्ये ज्योती बसू. दिल्लीत गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी. मुंबई म्हणतेय आम्ही कायद्याने पकडलं, कोर्टात उभं केलं. कोलकाता म्हणतंय बंगाली बोलतो म्हणून तुम्ही भारतीय माणसालाच बांगलादेशी ठरवताय, आम्हाला कळवलंसुद्धा नाही.

मला या गोष्टीतलं उलुबेरिया महत्त्वाचं वाटतं. त्या पट्ट्यात, म्हणजे उलुबेरिया, पांचला या भागात, घरोघरी जरीचं काम चालतं. मुंबईच्या मदनपुऱ्यात किंवा गोवंडीत एका खोलीत दहा-बारा पोरं लाकडी चौकटीवर कापड ताणून टिकल्या, मणी शिवत बसायची, त्यातली कितीतरी याच भागातून आलेली. तर फलाटावर जमलेले सगळे काही पक्षाने गोळा केलेले नसणार. ज्या गावातून पोरं मुंबईला जातात त्या गावातल्या माणसांना या प्रकरणात स्वतःचं पोरगं दिसणारच.

आता ही गाडी कजगाववरून गेली तेव्हा आपल्याकडे कुणाला काय माहीत? काहीच नाही. जुलै म्हणजे कपाशीची निंदणी, कोळपणी. डब्यात कोण बसलंय ते फलाटावरच्या माणसाला कळत नाही. भुसावळला गाडी थांबली असणार, चहावाला खिडकीपाशी गेला असणार, आणि खिडकीआड पोलिसांच्या मधे बसलेला एक माणूस, जो कदाचित बांगलादेशी होता, कदाचित हावडा जिल्ह्यातला होता. दोन्ही शक्यता मी मुद्दाम ठेवतोय, कारण इतक्या वर्षांनी मलाच काय, तेव्हाच्या पोलिसांनाही ते खात्रीने सांगता आलं असतं असं वाटत नाही.

याच्या मागचा काळ थोडा बघू.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३, मुंबईची दंगल. सरकारी आकडा ९०० मृतांचा. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. मग मार्चमध्ये बॉम्बस्फोट. चौकशीला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग. आयोगाने अहवाल दिला फेब्रुवारी १९९८ मध्ये, आणि तो विधिमंडळात मांडला गेला ऑगस्ट १९९८ मध्ये. तारखा शेजारी ठेवून बघा. जुलैमध्ये उलुबेरिया, ऑगस्टमध्ये श्रीकृष्ण अहवाल. अहवालात पोलिसांवर आणि शिवसेनेवर कडक ताशेरे होते, आणि सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले. म्हणजे ज्या वस्त्यांतून माणसं उचलली जात होती, त्याच वस्त्या पाच वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांचा न्याय मागत होत्या. तिथल्या माणसासाठी ही दोन वेगळी प्रकरणं नव्हती.

यातही एक आधीचं प्रकरण आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी मुंबईत मतदार यादीतल्या लाखाहून जास्त लोकांना नोटिसा गेल्या, की तुम्ही परदेशी असल्याचा संशय आहे, नागरिकत्व सिद्ध करा. दिल्लीतही तसंच झालं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं: लालबाबू हुसेन विरुद्ध मतदार नोंदणी अधिकारी, निकाल फेब्रुवारी १९९५. कोर्टाने सांगितलं की ज्याचं नाव आधीच यादीत आहे त्याचं नाव टाकताना कुणीतरी तपासणी केली असेल असं धरून चाला. नुसत्या पोलीस अहवालावर नाव काढू नका. माणसाला आधी सांगा की संशय कशावरून आहे, त्याची बाजू ऐका, तो देईल ते सगळे पुरावे बघा. साध्या गोष्टी आहेत. पण सुप्रीम कोर्टाला त्या लिहून द्याव्या लागल्या.

संशयाला आधार काय असायचा? भाषा. बंगाली बोलतो का. आता नदिया जिल्ह्यातला माणूस आणि सीमेपलीकडच्या कुष्टियातला माणूस, यांची बोली ऐकून फरक सांगणं मुंबईतल्या हवालदाराला कसं जमणार? आपलंच उदाहरण घ्या. आपल्याकडचा म्हातारा "मनं गाव भडगाव शे" म्हणाला तर पुण्याचा माणूस विचारतो, काका गुजराती का? मी स्वतः हे पुण्यात ऐकलंय. आपल्याला त्याचं हसू येतं. चौकीत बसून हसू येणार नाही.

कायद्याचं बघू, कारण खरी मेख तिथे आहे.

फॉरेनर्स ॲक्ट १९४६ चा. आकडा लक्षात घ्या, स्वातंत्र्याच्या आधीचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना शत्रुराष्ट्रांच्या लोकांवर नजर ठेवायची होती, त्या वेळच्या तात्पुरत्या कायद्याचं हे कायम झालेलं रूप. त्यातलं कलम ९ सांगतं की एखादा माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न आला, तर तो परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच माणसावर. चोरीच्या आरोपात पोलिसांना सिद्ध करावं लागतं की तू चोर आहेस. इथे उलटं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आमच्या भाषेत याला 'डिफॉल्ट डिनाय' म्हणतात: यादीत नाव सापडेपर्यंत दार बंद. सर्व्हरसाठी फार चांगली पद्धत आहे. सर्व्हरच्या दाराबाहेर कुणाची आई बसलेली नसते.

युद्धकाळात, बोटीतून उतरलेल्या जर्मन माणसासाठी हे कलम ठीक असेल. त्याच्याकडे पासपोर्ट असणारच. पण १९४७ नंतर तेच कलम अशा लोकांना लागू झालं ज्यांच्याकडे काहीच कागद नव्हते, आणि ज्यांच्या घराच्या मागून एका वर्षात सीमा निघून गेली होती.

फाळणीनंतर काय झालं ते बघा. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत आणली. १९ जुलै १९४८ ही तारीख इतकी महत्त्वाची की राज्यघटनेच्या कलम ६ मध्येच ती आहे. त्या तारखेच्या आधी आलेला माणूस वेगळा, नंतर आलेला वेगळा. कलम ७ म्हणतं, १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात गेला तो नागरिक नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमचं परतण्याच्या परवान्यावर परत आला असेल तर गोष्ट वेगळी. कागदावर स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात दंगलीच्या भीतीने चार महिन्यांसाठी कराचीला भावाकडे गेलेला माणूस, बायको-पोरं इथे, शेत इथे. परत येताना परवाना तात्पुरता मिळाला. मुदत संपली. आता तो स्वतःच्या घरात बेकायदा.

१९४९ च्या कायद्याने सरकारला अधिकार दिला होता की परवान्याचा नियम मोडला किंवा मोडल्याचा वाजवी संशय असला तरी त्या माणसाला देशाबाहेर काढता येईल. अशी प्रकरणं मुंबई राज्यात झाली आणि त्यातून सुप्रीम कोर्टात एक खटला उभा राहिला: इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य, १९५४. बहुमताने निकाल लागला की परवान्याचा गुन्हा केला म्हणून भारतीय नागरिकाला भारतातूनच हाकलता येणार नाही. देशात राहण्याचा त्याचा मूलभूत हक्क आहे. दंड करा, तुरुंगात टाका, पण हद्दपार? आणि तेही नुसत्या संशयावर, न ऐकता? ते कलम रद्द झालं. मला हा निकाल आपल्या शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कधी दिसला नाही. दिसायला हवा होता. पण तोपर्यंत पाच वर्षं गेली होती, आणि त्या पाच वर्षांत पलीकडे पोचवलेल्या माणसांना निकालाची प्रत कोण नेऊन देणार?

याच सीमेची दुसरी बाजू आपल्या जळगावात राहते. सिंधी कॉलनी तुम्हाला माहीत आहे. १९४७-४८ ला आलेली कुटुंबं नागरिक झाली, दुकानं टाकली. पण सिंधमधून येणं थांबलं नाही. नंतरच्या दशकांतही लोक येत राहिले, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, वर्षानुवर्षं नूतनीकरण करत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, २२ तारखेला. दोनच दिवसांत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले, २७ तारखेपर्यंत निघा म्हणून सांगितलं. तेव्हा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे आकडे बाहेर आले. नागपूर सगळ्यात वर, आणि जळगावातही तीनशेहून जास्त. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदम हलकल्लोळ, की जळगावात एवढे पाकिस्तानी! अरे बाबा, ज्याच्याकडून तू साड्या घेतोस तोच तो. नंतर सरकारने स्पष्ट केलं की हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील. पण ते स्पष्ट होईपर्यंत ज्यांना घरात बॅग भरायची की नाही हे कळत नव्हतं, त्यांची त्या दिवसांतली झोप कुणी मोजली नाही. आणि अटारीच्या फाटकावर जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं: लेकरांचा पासपोर्ट एका देशाचा, आईचा दुसऱ्या, आणि अधिकारी सांगतोय की लेकरं जातील, आई नाही.

आता मालेगाव. भडगावहून फार लांब नाही, गिरणा दोन्हीकडून वाहते. जानेवारी २०२५ मध्ये आरोप झाला की मालेगावात बांगलादेशी आणि रोहिंग्यांना जन्मदाखले वाटले गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, महसूल अधिकारी निलंबित झाले, नंतर जळगावातही बनावट दाखल्यांचे गुन्हे नोंदले गेले. खोटे दाखले निघाले असतील तर कारवाई व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. पण उशिरा जन्मनोंद करणाऱ्या सगळ्यांकडेच संशयाने बघायला सुरुवात झाली. त्यात राज्याने काही काळ असे दाखले देणंच थांबवलं, आणि नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेश निघाले.

उशिरा नोंद कोण करतं? ज्याचा जन्म घरी झाला, सुईणीच्या हातून, आणि कोतवालाच्या कानावर घालायचं राहून गेलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस विचारा. एक जून. माझे आजोबा एक जून, त्यांचे दोन्ही भाऊ एक जून, गल्लीतले निम्मे एक जून. मास्तरने शाळेत नाव घालताना वय मोजून लिहून टाकलेली तारीख. प्रोग्रामर म्हणून सांगतो, ही डिफॉल्ट व्हॅल्यू आहे, माहिती नाही. फेसबुकवर एक जूनला शुभेच्छांचा पूर येतो त्याची आपण गंमत करतो. पण तीच तारीख, तसाच उशिराचा दाखला, नाव मुसलमान आणि पत्ता मालेगावचा असेल तर तो पुरावा होतो की संशय, हे तुम्हीच सांगा.

१९९८ नंतर गाड्या थांबल्या का? नाही. पलीकडे ढकलणं चालू राहिलं, वेगवेगळ्या सरकारांच्या काळात. आणि ते १९९८ ला सुरूही झालेलं नव्हतं. १९९२ मध्ये, केंद्रात काँग्रेसचं सरकार असताना, दिल्लीतून लोकांना डोकी भादरून सीमेवर नेलं होतं. जानेवारी २००३ च्या शेवटी कूचबिहारच्या सीमेवर २१३ गारुडी, बायका-पोरं आणि सापांच्या टोपल्यांसकट, दोन देशांच्या मधल्या पट्टीत अडकले. भारत म्हणे तुमचे, बांगलादेश म्हणे तुमचे. कडाक्याच्या थंडीत जवळपास आठवडा ते तिथे बसले, आणि एका सकाळी तिथे कुणीच नव्हतं. जून २०२५ मध्ये पुन्हा महाराष्ट्र: मुंबई-ठाण्याच्या बाजूने उचललेल्या काही माणसांना सीमेपलीकडे ढकललं, मग बंगाल पोलिसांनी कागद दाखवले की हे मुर्शिदाबाद आणि बर्धमानचे, आणि त्यांना परत आणावं लागलं. म्हणजे चूक झाली हे सरकारी यंत्रणेनेच त्यांना परत घेऊन कबूल केलं. यावेळी फलाटावर जमाव नव्हता, व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक व्हिडिओ होता.

मला माहितीये, काही जण म्हणतील की घुसखोरी खरी नाही का? खरी आहे. कुठल्याही देशाला आपल्या दारात कोण आहे हे बघायचा हक्क आहे. आणि नोकरीचं, रेशनचं ओझं आपल्यावर पडतं हे बोलणाऱ्याला मी लगेच वाईट ठरवणार नाही. पण ५ फेब्रुवारी २०२५ आठवा. अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. त्यात तिघं महाराष्ट्रातले. ते बेकायदा गेले होते, कायदा अमेरिकेच्या बाजूने होता, तरी आपल्या ग्रुपवर त्या दिवशी कुणीही "बरं झालं" म्हणालं नाही. सगळ्यांना बेड्या दिसल्या. माझे कॉलेजचे मित्र तिकडे रीतसर व्हिसावर आहेत, तेसुद्धा त्या आठवड्यात घरी फोन करून आईला सांगत होते की आपलं सगळं नीट आहे. त्या आया ज्या आवाजात "हो का रे?" म्हणाल्या असतील, तोच आवाज उलुबेरियाच्या फलाटावर होता.

आपल्याकडे माणूस गेला तर काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. लोक दारावर येतात. न बोलता बसतात. शेजारून डबा येतो. दहाव्याला दशक्रिया, मग उत्तरकार्य, गंधमुक्ती, पेपरात चौकटीत बातमी. रडायला दिवस ठरवून दिलेले आहेत आणि उठायलासुद्धा. मुसलमानांत तीजा, चाळिसावा असतो. पण माणूस गेला नाही, नेला असेल तर? त्या घराच्या दारावर कुणी येत नाही. यायला भीती वाटते, कारण आज त्या घरात गेलो तर उद्या आपल्याला विचारतील. बायको रडायला बसली तर सासू म्हणते अशुभ बोलू नकोस, येईल तो. चाळिसाव्या दिवशी काही करायचं नाही, कारण तो जिवंत आहे. कुठे आहे ते माहीत नाही. घरमालक म्हणतो खोली खाली करा. वस्तीतल्या बाकीच्या बंगाली पोरांनी दुसऱ्या दिवसापासून आपसात हिंदी बोलायला सुरुवात केलेली असते.

जळगावच्या सराफ बाजारात बंगाली कारागीर खूप आहेत. आपल्याकडच्या लग्नातली पोत, मंगळसूत्र, त्यातल्या बारीक कामात त्यांचा हात असतो. २०२५ च्या बातम्या यायला लागल्यावर मी सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, की तुमची पोरं घाबरली असतील? तो म्हणाला, काही बोलत नाहीत, पण आता प्रत्येकाच्या खिशात आधार, मतदान कार्ड, शाळेचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून असतं. भट्टीपाशी बसतानासुद्धा. सोनं वितळतं त्या उकाड्यात ती पिशवी छातीला चिकटते म्हणे.

कायद्याचं शेवटचं सांगतो. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट आता नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट २०२५ आला. चार जुने कायदे एकत्र केलेत, दंड वाढवलेत, भाषा सुटसुटीत केलीये. सिद्ध करायची जबाबदारी मात्र जिथे होती तिथेच आहे, त्या माणसावर.

तर तुमच्याकडे, घरातल्या जुन्या ट्रंकेत, १९४८-४९ चा परवाना, सिंधमधून आलेल्यांचे नोंदणीचे कागद किंवा त्या काळातलं कराची-मुंबईचं पत्र असं काही असेल तर मला फोटो पाठवा. नावं झाकून पाठवलीत तरी चालेल. आणि १९९८ मध्ये कुणाचे वडील, काका पाचोरा-भुसावळ मार्गावर रेल्वेत किंवा रेल्वे पोलिसांत असतील आणि त्यांना त्या गाडीचं काही आठवत असेल, तर त्यांच्याशी बोलायला मी येतो, तुम्ही सांगाल त्या रविवारी. पुढच्या भागात गिरणेचं पाणी आणि जामदा कालव्याचा विषय घेऊ, तो केव्हाचा राहिलाय.

भेटू. काळजी घ्या.